बाटलीच्या बुडाशी काय लिहिलेलं असतं?



आजचा पाठ स्वयंपाकघरात सुरू झाला. मागच्या उन्हाळ्यात मी लिंबाच्या सरबताचा पाक करून ठेवत होते. कॉफीची रिकामी बाटली माठातल्या पाण्याने विसळली आणि घाईघाईत कढत पाक तिच्यात ओतला. टक्कन आवाज झाला. बाटली माझ्या हातात राहिली, तिचं बूड मात्र गोल चकतीसारखं ओट्यावर पडलं. पाक गेला वाया.

माझा मुलगा दुसरीत आहे. त्याने विचारलं, "आई, काहून फुटली?" मी म्हटलं, "पाक गरम होता ना." तो म्हणाला, "मग कारखान्यात तं काच वितळते म्हणतेस. तिथं बाटली काहून नाही फुटत?"

मला उत्तर आलं नाही. "वस्तू आणि पदार्थ" मी दरवर्षी शिकवते, काच वाळूपासून होते हे फळ्यावर लिहिते आणि पुढे जाते. या वेळी थांबून वाचलं, शोधलं, आणि नंतर वर्गात मुलांसोबत तीन तासिका घालवल्या. त्यातून जे हाती लागलं ते इथे देते आहे.

वाळू ते बाटली

बाटलीची काच म्हणजे मुख्यतः सिलिका वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी. तयार काचेत सुमारे 70 ते 74 टक्के सिलिका असते. नुसती वाळू वितळवायची तर 1700 अंशांच्या वर जावं लागतं. सोड्यामुळे ती कमी उष्णतेत वितळते. पण नुसत्या वाळू-सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनखडी लागते. मुलांना मी सांगितलं, सोडा वाळूला नरम करतो आणि चुना तिला पुन्हा टणक करतो. चौथीच्या वर्गाला एवढं पुरे.

लगेच प्रश्न आला, "मॅडम, आपल्या पैनगंगेच्या वाळूची बाटली होईल का?" प्रश्न चांगला आहे, हसण्यावारी नेऊ नका. नदीच्या वाळूत माती असते, लोहाचे कण असतात, नाना प्रकारचे खडे असतात. लोहामुळे काच हिरवट होते. स्वच्छ पांढऱ्या काचेला जवळजवळ शुद्ध सिलिका लागते. आपल्या राज्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यात कासार्डे परिसरात अशा वाळूच्या खाणी आहेत. औषधाची तपकिरी बाटली मात्र मुद्दाम रंगवलेली असते, आतल्या औषधावर उजेडाचा परिणाम होऊ नये म्हणून.

हे मिश्रण भट्टीत सुमारे 1500 अंशांवर वितळतं. ही भट्टी रात्री बंद करता येत नाही. एकदा पेटली की दहा-बारा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ अखंड चालते. दिवाळीला तरी बंद असेल, असं मुलांना वाटलं होतं.

तळेगाव, ओगलेवाडी आणि एक अमेरिकन पोरगा

महाराष्ट्रात काचेचा कारखाना म्हटलं की दोन नावं मुलांना सांगायलाच हवीत. पहिलं तळेगाव दाभाडे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड सुरू केला. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा, अशी कल्पना. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि 1908 मध्ये त्या पैशांतून तळेगावला काचकारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले तज्ज्ञ. तिथे नुसता माल होत नव्हता, कारागीरही तयार होत होते.

दुसरं ओगलेवाडी. ओगले बंधूंनी 1916 मध्ये कराडजवळ, तेव्हाच्या औंध संस्थानात, काचकारखाना काढला. पुढे तिथला प्रभाकर कंदील घराघरांत पोचला. माझ्या लहानपणी भारनियमनाच्या रात्री आमच्याकडेही कंदील लागायचा. कंदिलाची काच राखेने पुसायचं काम माझं. आजीची सक्त ताकीद असायची की पेटल्या कंदिलाजवळ ओला हात नेऊ नको. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकायची. माझ्या सरबताच्या बाटलीचं कारणही तेच होतं हे मला तीस वर्षांनी कळलं, आजीला कंदिलापुरतं का होईना माहीत होतं.

त्या काळी बाटली तोंडाने फुंकून करत. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, साच्यात धरायचा आणि फुंकायचं. फुंकणाऱ्याच्या हाताखाली साचा उघडणारा, गरम बाटली उचलून नेणारा अशी माणसं लागत, आणि अनेक देशांत ही हाताखालची कामं लहान मुलं करत. मायकेल ओवेन्स नावाचा अमेरिकन मुलगा दहाव्या वर्षी असाच काचकारखान्यात कामाला लागला. मोठा झाल्यावर त्यानेच 1903 च्या सुमारास बाटल्या करणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र तयार केलं. त्याच्या यंत्रामुळे कारखान्यांतली बालमजुरी घटली, याची दखल तिथल्या राष्ट्रीय बालकामगार समितीने 1913 मध्ये घेतली. आपल्याकडे फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्यांवर मुलं दिसणं त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू होतं. आपल्या वर्गात सोयाबीनच्या हंगामात गैरहजर राहणारी पोरं असतात, म्हणून मला हा भाग सांगताना जरा थांबावं लागलं.

आज बहुतेक बाटल्या ज्या यंत्रावर होतात त्याला आयएस यंत्र म्हणतात. 1920 च्या दशकात ते अमेरिकेत तयार झालं. त्यात एकसारखे अनेक विभाग ओळीने असतात आणि प्रत्येक विभाग स्वतंत्र चालतो. एक बिघडला तर तेवढाच बंद करता येतो. वरून लालभडक काचेचा मोजून कापलेला गोळा घसरत येतो, तेव्हा तो साधारण 1100 अंशांवर असतो. पहिल्या साच्यात बाटलीचं तोंड पक्कं होतं आणि बाकी अंग कच्चं राहतं. मग ते उलटवून दुसऱ्या साच्यात नेतात आणि हवेने फुगवतात. बरणीसारखं रुंद तोंड असेल तर पहिल्या साच्यात हवेऐवजी दट्ट्या दाबतात. हे सगळं काही सेकंदांत आटोपतं. दोन साच्यांच्या सांध्याची बारीक रेघ बाटलीच्या अंगावर उभी दिसते. बोटाने चाचपून बघा, दोन्ही बाजूंना आहे.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर

आता मूळ प्रश्न. काच उष्णता सावकाश वाहून नेते. थंड बाटलीत कढत पाक पडला की आतला थर लगेच फुगतो. बाहेरचा थंड थर तेवढा फुगत नाही, त्यामुळे तो ताणला जातो. दाबलेलं काच पुष्कळ सोसते, ताणलेलं सोसत नाही. बूड आणि अंग जिथे मिळतात तिथे जाडी बदलते, म्हणून बहुतेक वेळा बूडच सुटतं.

साच्यातून निघालेल्या बाटलीलाही हाच धोका असतो. तिचं बाहेरचं अंग आधी थंड होऊन घट्ट होतं, आतलं नंतर आकसतं, आणि ही ओढाताण काचेत कायमची अडकून बसते. अशी बाटली दिसायला चांगली असते, पण दोन तासांनी नुसत्या धक्क्याने फुटू शकते. म्हणून तिला एका लांबलचक भट्टीतून पट्ट्यावरून हळूहळू नेतात. आधी पुन्हा सुमारे 550 अंशांपर्यंत तापवतात, थोडा वेळ तिथेच ठेवतात, मग सावकाश निववतात. याला अनीलिंग म्हणतात. या प्रवासाला साधारण तासभर लागू शकतो. हा तास लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

हा अडकलेला ताण मुलांना डोळ्यांनी दाखवता येतो. एलसीडी पडद्याचा लॅपटॉप घ्या, पडदा पूर्ण पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल समोर धरून हळूहळू फिरवा, एका जागी पडदा काळा दिसेल. आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा. तिच्यात इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. पट्टी साच्यात ओतताना तिच्यात राहिलेला ताण तो हाच. चांगली निववलेली काचेची बाटली तिथे धरली तर असे रंग जवळजवळ दिसत नाहीत. कारखान्यात अनीलिंग नीट झालं का हे याच तत्त्वावरच्या उपकरणाने बघतात. आमच्याकडे गॉगल एकच होता, तेव्हा रांग लागली आणि एक तासिका त्यातच गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

तपासणी

थंड झालेली बाटली खोक्यात जाण्याआधी तपासणीच्या रांगेतून जाते. पूर्वी उजेडाच्या पडद्यासमोर माणसं बसत आणि समोरून सरकणारी प्रत्येक बाटली डोळ्यांनी बघत. डोळे थकतात, मन भरकटतं. पंचवीस उत्तरपत्रिका तपासल्यावर सव्विसावीचं काय होतं हे आपल्याला सांगायला नको. आता बरंचसं काम कॅमेरे करतात. बाटलीचे सगळीकडून फोटो घेतले जातात आणि संगणक त्यात खडा, बुडबुडा, वाकडेपणा शोधतो. तोंडातून मोजमापाचा दट्ट्या घालून भोक बरोबर आहे का बघतात. अंगाची जाडी मोजतात. काही ठिकाणी बाटलीला दोन चाकांमध्ये दाबूनही बघतात, फुटायची असेल तर ती इथेच फुटावी म्हणून.

केसासारखी बारीक चीर फोटोत सहजी येत नाही. तिच्यासाठी युक्ती वेगळी आहे. बाटली फिरवायची आणि ठरावीक कोनातून उजेड टाकायचा. चीर आरशासारखी चमकते आणि ती चमक समोरचा संवेदक पकडतो. हे घरीही जमतं. अंधारात टॉर्च लावून बाटली हळूहळू फिरवा, चीर असेल तर एका क्षणी लखकन दिसते.

सगळ्यात भयंकर दोषाला इंग्रजीत पक्ष्याचा झोका अशा अर्थाचं नाव आहे. बाटलीच्या आत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काचेचा बारीक दोरा अडकून राहतो. बाटली भरताना तो तुटला की काच सरळ औषधात किंवा सरबतात. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या भावाचं खोकल्याचं औषध काचेच्या बाटलीत आहे." अशा दोषाला कारखान्यात माफी नसते. हजारात एखादी चालेल, असा हिशेब इथे चालत नाही.

मला आवडलेली गोष्ट पुढची. तपासणीच्या यंत्राचीही तपासणी होते. मुद्दाम ठेवलेल्या सदोष बाटल्या, खूण केलेल्या, दर काही तासांनी रांगेत सोडतात. यंत्राने त्या बाहेर फेकल्या तर ठीक, नाही तर यंत्रच नापास.

बुडाचा आकडा

आता शीर्षकाकडे येते. कोणतीही काचेची बाटली उलटी करा. बुडाशी काही आकडे, खुणा, किंवा कडेला उंचवट्याच्या ठिपक्यांची ओळ दिसेल. त्यात कंपनीची खूण असते, कधी माप असतं, आणि बहुतेक वेळा साच्याचा क्रमांक असतो. ठिपक्यांची ओळ यंत्राला वाचण्यासाठी असते.

वर्गात आम्ही हे असं केलं. मुलांना घरून रिकाम्या, धुतलेल्या, न तडकलेल्या बाटल्या आणायला सांगितल्या. जॅम, सॉस, मध, कॉफी, औषध, काहीही. (तडकलेली बाटली मुलांच्या हाती देऊ नका. आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडावरून आधी तुम्ही कापसाचा बोळा फिरवा. बारीकसा टवका असेल तर कापसाचे धागे तिथे अडकतात. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, बोटाने तपासायचं कारण नाही.) मग एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या बाटल्या शेजारी ठेवल्या. मुलांना एवढंच विचारलं: कोणता आकडा सगळ्यांवर सारखा आहे आणि कोणता बदलतो? सारखा असेल तो साच्याचा क्रमांक नव्हे, बदलतो तो असू शकतो. हे मुलांनी स्वतः शोधलं. एका गटाकडे एकाच सॉसच्या 4 बाटल्या होत्या आणि चारही वेगळ्या क्रमांकांच्या निघाल्या. "म्हणजे ह्या सख्ख्या बहिणी नाहीत, चुलत आहेत," असं एकाने जाहीर केलं.

हा क्रमांक कशासाठी? इथे गणिताची तासिका जोडा. समजा यंत्राला 12 विभाग आहेत आणि प्रत्येक विभागात 3 साचे. एकूण साचे 36. यंत्र मिनिटाला 360 बाटल्या काढतं असं धरू. मग एका साच्यातून मिनिटाला 10 बाटल्या. आता 17 नंबरच्या साच्यावर तेलाची काजळी बसली आणि त्याच्या प्रत्येक बाटलीच्या तोंडाला चीर पडू लागली. ही चीर तपासणीच्या रांगेत सापडेल, पण बाटली तिथे पोचायला निववण्याचा तो एक तास जाणार. तोवर किती सदोष बाटल्या तयार झाल्या? 600. आणि त्या एकत्र नसतात, 36 साच्यांच्या 21,600 बाटल्यांत मिसळलेल्या असतात.

क्रमांक नसेल तर कुठला साचा बिघडला हे शोधत बसावं लागेल. क्रमांक असल्यामुळे तपासणीचं यंत्र बाहेर फेकलेल्या बाटल्यांचे नंबर वाचतं, आणि 17 हाच आकडा पुन्हा पुन्हा आला की यंत्रावरच्या माणसाला कळवतं. तो साचा पुसतो किंवा बदलतो. बाटली बाहेर काढणं हे तपासणीचं अर्धं काम, साचा सापडणं हे दुसरं अर्धं. तो वाया जाणारा तास वाचावा म्हणून आता काही कारखान्यांत बाटली लालभडक असतानाच कॅमेऱ्यांनी बघतात. गरम बाटलीतून निघणाऱ्या उष्णतेवरून काच कुठे जाड, कुठे पातळ हे तिथेच कळतं.

हे वाचत होते तेव्हा माझ्या टेबलावर तिसरीच्या वजाबाकीच्या वह्या होत्या. 52 वजा 27. 23 मुलांपैकी 9 जणांनी 35 लिहिलं होतं. मी नऊ ठिकाणी लाल फुली मारली होती आणि "सराव करा" असा शेरा दिला होता. नंतर पुन्हा बघितलं. नऊही जणांनी एककात 2 मधून 7 जात नाही म्हणून 7 मधून 2 वजा केले होते. आणि "नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं" हे वाक्य दोन महिन्यांपूर्वी वर्गात कोण म्हणालं होतं? मीच. नऊ बाटल्या, साचा एकच. लाल फुल्या खोडता आल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. आकारिक मूल्यमापनाचे रकाने भरताना मला नेहमी कंटाळा यायचा. चूक कोणी केली हे त्यात लिहायला जागा आहे, सगळ्यांची चूक एकच आहे का हे लिहायला नाही. मी आता वहीच्या मागच्या पानावर तेवढी नोंद वेगळी ठेवते.

नापास बाटलीचं पुढे काय

तिचा चुरा करून परत भट्टीत टाकतात. आधीच काच झालेली असल्याने ती कच्च्या मालापेक्षा कमी उष्णतेत वितळते. मिश्रणात दर 10 टक्के काचचुरा वाढवला की भट्टीची साधारण अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी गल्लीत येणारा भंगारवाला काचेच्या बाटल्या नेतो, तेव्हा तो कुठल्यातरी भट्टीचं इंधन वाचवत असतो. पालकांना एक विनंती आहे. फुटलेली काच उघडी देऊ नका. जाड कागदात गुंडाळून, वर "काच" असं मोठ्या अक्षरात लिहून द्या. ती उचलणारा हात पुष्कळदा आपल्याच शाळेतल्या एखाद्या पोराच्या बापाचा असतो.

आणि घरी बाटलीत गरम काही भरायचंच असेल तर आधी तिच्यात कोमट पाणी, मग जास्त गरम, मग पाक. ओट्यावर खाली कोरडं फडकं. ओल्या थंड ओट्यावर ठेवलेली बाटली खालून तडकते.

वर्गाच्या खिडकीत सध्या 21 बाटल्या उलट्या ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीखाली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर बुडाचा आकडा. परवा एक मुलगा शेतातल्या बांधावरून जुनी, मातीने भरलेली, जाड हिरवट बाटली घेऊन आला. बुडाशी आकडा नाही, सांध्याची रेघही फार वर जाऊन विरते. ती कशी तयार झाली असेल यावर वर्गात दोन तट पडले आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या गावात अशी बाटली सापडली असेल तर बुडाचा आणि तोंडाचा फोटो काढून ठेवा. मुलांना तुलना करायला दुसरी हवी आहे.